निमंत्रक : गजभिये

गजभिये साहेबांची हजामत कधी आहे, हे आमच्या अख्ख्या ऑफिसला आधीपासून माहीत असायचं. महिन्याचा पहिला रविवार, सकाळची वेळ, सेक्टर दहाच्या बाजारातला त्यांचा ठरलेला न्हावी. ऑफिसच्या मेलमध्ये जे कॅलेंडर असतं, त्यात त्यांनी ती राखाडी रंगात नोंदवून ठेवली होती, आणि आपलं कॅलेंडर सगळ्यांना उघडं करून दिलं होतं. आमच्या अकाउंट्समधल्या साहूने एकदा न राहवून विचारलं, "साहब, संडे की कटिंग ऑफिस के कैलेंडर में काहे?"

"कोई घर पे मिलने आ गया तो?" गजभिये साहेब अगदी गंभीरपणे म्हणाले. "उसको मालूम तो होना चाहिए न, आदमी कहाँ है."

आता रविवारी सकाळी यांना भेटायला जाणार कोण, आणि जाण्याआधी ऑफिसचं मेल उघडून पाहणार कोण? पण हे त्यांना विचारायची सोय नव्हती. विचारलं असतं तर त्यांनी त्यावर चर्चा करायला एक मीटिंग लावली असती.

आमचा कारखाना जामुलच्या रस्त्याला आहे. पोलादाच्या मोठ्या प्लांटला लागणारे सुटे भाग आम्ही बनवतो. गजभिये साहेब डिस्पॅचला होते, म्हणजे तयार माल कधी आणि कुठल्या ट्रकने निघणार हे ठरवणं त्यांचं काम. वडील भंडाऱ्याकडून प्लांटच्या नोकरीसाठी आलेले, त्यामुळे यांचं बालपण सेक्टर दहाच्या क्वार्टरमध्ये गेलं. पुढे रुआबांध्याला स्वतःचं घर बांधलं, पण न्हावी मात्र बदलला नाही.

मी दुर्गची. आमचं घराणं इथं इतकं मुरलेलं की मराठी फक्त सासूबाईंशी आणि देवाशी बोलायची, बाकी सगळा कारभार हिंदीत. नोकरीच्या पहिल्याच दिवशी माझं आडनाव ऐकून गजभिये साहेब खुर्चीतून उठले.

"बोंद्रे? म्हंजे मराठी! मंग हिंदीत कावून बोलून राहिल्या बाई?"

मी म्हटलं, सवय नाही. ते म्हणाले, "सवय लागते. मी लावतो." आणि जागेवर जाऊन त्यांनी मला पहिलं निमंत्रण पाठवलं. विषय : मराठी बोलणे. दर मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीत. मी गोंधळून ते तसंच पडू दिलं, तर थोड्या वेळाने साहेब माझ्या टेबलापाशी हजर.

"आलं का?"

"आलं."

"तं मंग ॲक्सेप्ट करून टाका ना."

हे त्यांचं आवडतं वाक्य. 'ॲक्सेप्ट करून टाका' हे ते इतक्या मायेने म्हणायचे की एखाद्याला वाटावं, हे आपल्याला जेवायला वाढून राहिले आहेत. नकार दिला तरी त्यांना राग येत नसे. ते फक्त म्हणायचे, "कारण लिहा खाली." त्यांचा खरा दुश्मन एकच, तो म्हणजे तिसरं बटन, टेंटेटिव. येईनही, न येईनही, पाहू. साहूचं बोट हटकून त्याच बटनावर पडायचं. मग साहेब त्याच्याजवळ जाऊन उभे राहायचे, हात मागे बांधून. साहू घाम पुसत दुसरं काहीतरी दाबायचा.

"हौ म्हना, नाई तं नाई म्हना," ते मला म्हणायचे. "मधातलं काही नाही. मधातल्या मानसासाठी चाय सांगाची का नाही, हे कोनी सांगाव?"

कामात मात्र त्यांच्या या वेडाचा सगळ्यांना फायदाच होता, हे कबूल केलं पाहिजे. माझ्या इनबॉक्सचा त्या काळी उकिरडा झाला होता. एक दिवस ते मागे उभे राहून पाहत होते आणि कळवळले. "मेल वाचली म्हंजे काम झालं नाही, बाई. तिले उचला अन् कॅलेंडरवर नेऊन टाका." त्यांनी माझ्या देखत एक मेल माउसने धरली, ओढत नेली आणि गुरुवारच्या चौकोनात सोडली. मेलमधला सगळा मजकूर त्या चौकोनात गेला, वर आठवणीची घंटाही लागली. "आता हे काम तुमच्या डोक्यात नाही, गुरुवारच्या डोक्यात हाय. तुम्ही मोकळ्या." मी तेव्हापासून तसंच करते, आणि खरंच मोकळी असते.

रंगांचाही त्यांचा एक कायदा होता. ट्रक निळे, साहेब लोकांच्या बैठका लाल, लग्नं गुलाबी, दवाखाना हिरवा. हिरव्यात फक्त त्यांचा दवाखाना नसायचा. साहूच्या लेकीचं लसीकरण तिथं होतं, माझ्या सासूबाईंच्या डोळ्यांची तपासणी होती. आदल्या दिवशी आम्हाला आठवण यायची, आणि संध्याकाळी सुटताना ते विचारायचे, "सासूबाईले उद्या नेऊन राहिल्या ना?" सासूबाईंनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण डोळ्यात थेंब घालताना त्या 'तुझे ते गजभिये' म्हणून त्यांची चौकशी करायच्या.

त्यांची सगळ्यात मोठी कामगिरी म्हणजे चारचा चहा.

चहाचं असं होतं की मी, साहू, गजभिये साहेब आणि आमचे मॅनेजर तिवारी साहेब, चौघंही रोज गेटबाहेर डेरहाच्या टपरीवर चहा प्यायचो, पण कोणाचा कोणाला मेळ नाही. एक परत येताना दुसरा जायचा. गजभिये साहेबांना हे बघवत नव्हतं. त्यांनी मला बोलावून स्क्रीन दाखवली. मेलमध्ये अशी एक सोय असते की ज्यांना बोलवायचं त्यांचे दिवस एकाखाली एक पट्ट्यांसारखे दिसतात. काम असेल तिथं पट्टी भरलेली, नसेल तिथं कोरी. चारही पट्ट्या संध्याकाळी चारच्या सुमाराला कोऱ्या होत्या.

"पाहा बाई," ते म्हणाले, "इथं आपन चौघंबी रिकामे हावो. अशी जागा वाया जाऊ द्याची का?"

झालं, निमंत्रण निघालं. विषय : चहा. जागा : डेरहा. रोज. घंटा दहा मिनिटं आधी.

आणि लगेच भूकंप झाला. गजभिये साहेबांनी भिडेपोटी तिवारी साहेबांचं नाव 'आवश्यक' मंडळींत न घालता 'ऑप्शनल'मध्ये घातलं होतं. मॅनेजर माणूस, कामात असतो, त्याला बंधन नको, इतकाच हेतू. पण तिवारी साहेब केबिनमधून लालबुंद होऊन बाहेर आले. "गजभियेजी, मैं ऑप्शनल हूँ? बीस आदमी मेरे नीचे काम करते हैं, और चाय में मैं ऑप्शनल?" त्यांनी चहावर बहिष्कार टाकला आणि केबिनमध्ये बसून घरचा थर्मास उघडला. गजभिये साहेबांना रात्रभर झोप नाही, असं दुसऱ्या दिवशी त्यांच्या डोळ्यांवरून दिसलं. त्यांनी तिवारी साहेबांचं नाव उचलून 'आवश्यक'मध्ये आणलं, सर्वांना सुधारित निमंत्रण गेलं, आणि चारला तिवारी साहेब सगळ्यांच्या आधी टपरीवर हजर. "अब ठीक है," ते म्हणाले आणि कप फुंकू लागले.

मग तो चहा आमच्या अंगात इतका मुरला की विचारू नका. एकदा संगणकांत काहीतरी दुरुस्ती आली आणि गजभिये साहेबांच्या संगणकाने स्वतःला दुसऱ्याच कुठल्यातरी देशात समजायला सुरुवात केली. चहाची घंटा भर सकाळी वाजली. आम्ही चौघंही मुकाट उठलो, टपरीवर गेलो, चहा प्यायलो, तिवारी साहेबांनी "आज दिन जल्दी निकल गया" असा शेराही मारला. शेवटी डेरहाच म्हणाला, "का होगे साहब, आज दू बेर पीहू का?" आज दोनदा पिणार का, असं तो विचारत होता. तेव्हा कुठे आम्ही उन्हाकडे पाहिलं.

घरी गजभिये वहिनींचीही यातून सुटका नव्हती. वहिनींच्या मोबाइलवर निमंत्रणं जायची. विषय : भाजी आणणे. विषय : पंखे पुसणे. वहिनी मूळच्या गोंदियाच्या, तोंडाने फटकळ. त्या सरसकट सगळं डिक्लाइन करायच्या आणि कारणाच्या जागी 'तुम्हीच आणा' असं लिहायच्या. साहेब आम्हाला ते कौतुकाने दाखवायचे. "पाहा, कारन लिहिलं तिनं. नियमानं चालते."

त्यांचा एक नियम मात्र मला तेव्हा समजला नव्हता. आठवड्याच्या रिपोर्टची मी एकदा कायमची नोंद करून ठेवली आणि शेवटच्या तारखेची जागा मोकळी सोडली. ते बघून ते पहिल्यांदाच माझ्यावर जरा चिडले.

"शेवटची तारीख टाकल्याबिगर काही सुरू नाही कराचं, बाई. मानूस बदलते, खातं बदलते, अन् मीटिंग भुतावानी वाजत राह्यते. ज्यानं सुरू केलं त्यानंच संपवाचं."

मी मुकाट्याने तारीख टाकली. चहाच्या निमंत्रणाला त्यांनी कुठली शेवटची तारीख टाकली असेल, हे पाहायचं आमच्यापैकी कोणाला सुचलं नाही.

ती तारीख त्यांच्या रिटायरमेंटची होती.

निरोप समारंभाचीही गंमत झाली. तिवारी साहेब त्यांना जाता जाता म्हणाले, "गजभियेजी, शाम को छोटा सा फंक्शन है आपका, आ जाइएगा." साहेब दुपारपर्यंत अस्वस्थ. शेवटी माझ्याजवळ आले. "बाई, फंक्शन खरंच हाय का? मेल तं नाही आली." मी हो म्हटलं तरी त्यांचं समाधान होईना. मग त्यांनी स्वतःच स्वतःच्या निरोप समारंभाचं निमंत्रण काढलं आणि सगळ्यांना पाठवलं. तिवारी साहेब 'आवश्यक'मध्ये होते. सगळ्यांचे होकार आले तेव्हा कुठे ते कपाळ पुसून, केस विंचरून समारंभाला येऊन बसले. शाल, नारळ, फोटो झाले. साहू हुंदके देऊन रडला. साहेब त्याच्या पाठीवर थोपटत म्हणाले, "टेंटेटिव मत रोओ, साहू. रोना है तो ठीक से रोओ."

दुसऱ्या दिवशी चहाची घंटा वाजली नाही.

मी मान वर करून पाहिलं. साहूही माझ्याकडे बघत होता. "मैडम, आज चाय नहीं है क्या?" चहा होताच की, डेरहा कुठे गेला होता? पण तिवारी साहेब फोनवर होते, माझं एक बिल अडलं होतं, साहू एकटाच जाऊन आला. असं करता करता पुन्हा पूर्वीसारखं झालं, एक परत येताना दुसरा जायचा. चहाला चव होती तीच होती, पण मला तो गोड लागेना.

डेरहाकडे साहेबांचा स्वतःचा कप राहिला होता, निळ्या काठाचा. तो नेऊन द्यावा म्हणून एका रविवारी सकाळी मी दुर्गहून रुआबांध्याला गेले. दार वहिनींनी उघडलं.

"हे तं कटिंगले गेले," त्या म्हणाल्या.

महिन्याचा पहिला रविवार! मी दारातच कपाळावर हात मारून हसत सुटले. ऑफिसमधलं त्यांचं कॅलेंडर बंद झालं होतं, आणि नेमकं तेव्हाच त्यांना कोणीतरी घरी भेटायला आलं होतं. वहिनींना मी ती जुनी गोष्ट सांगितली, 'कोई मिलने आ गया तो' ही. मला वाटलं त्याही हसतील. त्या हसल्या नाहीत. त्यांनी मला आत नेऊन पोह्यांवर लिंबू पिळून दिलं आणि समोर बसल्या.

"तुमाले मालूम नाही, बाई. हे घर बांधलं ना, तवा वास्तूचं जेवन ठेवलं होतं. तवा हे दुसऱ्या कारखान्यात होते. एकेकाजवळ जाऊन सांगतलं यायनं, तोंडानं. सगळे म्हने, हौ, येतो ना, कावून नाही येनार. म्या वडाभात केला, पाटोडी केली, मांडव टाकला. यायनं फाटकापासून खुर्च्या मांडल्या. शेजारचे दोघं आले. ऑफिसचं कोनी नाही आलं. कोनी म्हने विसरलो, कोनी म्हने आम्हाले वाटलं पुढचा इतवार. दुश्मनी नव्हती कोनाची. पन आम्ही दोघं रातीपावतो त्या खुर्च्या उचलून राहिलो होतो."

"मग?"

"मंग काय? तवापासून तोंडी बोलावनं बंद. तुमच्या ऑफिसात ते मेलचं आलं तवा नाचले हे. म्हने, आता मानूस हौ म्हनते ते लिहून येते."

मागच्या अंगणात पेरूच्या झाडाखाली चार खुर्च्या मांडलेल्या होत्या. मी बघतेय हे वहिनींच्या लक्षात आलं. "मानूस रोज चार वाजता तिथं बसते अन् एकटाच चाय पेते बाप्पा. मी म्हनलं, बोलवा ना तुमच्या लोकायले, फोन करा. तं म्हने, कंपनीचा आयडी बंद झाला. नागपूरच्या पोरीनं मोबाइलवर दुसरं कॅलेंडर लावून देल्लं, त्यातबी एकट्या मलेच बोलावून राहिले. कालच आलं, चहा, पेरूखाली." वहिनींनी पदराने नाक पुसलं. "ते एक म्या ॲक्सेप्ट केलं."

मला फार वाईट वाटलं. या माणसाने आमच्या चार कोऱ्या पट्ट्या एकत्र आणल्या होत्या, आणि आता त्याची स्वतःची पट्टी कोरी पडली होती. त्याला फक्त हाक मारायची होती आणि तेवढंच त्याला जमत नव्हतं. मी कप वहिनींकडे दिला आणि त्यांचा तो नवा पत्ता लिहून घेतला.

सोमवारी ऑफिसात गेल्यावर मी पहिलं काम ते केलं. नवीन निमंत्रण. विषय : चहा. जागा : गजभिये साहेबांचं अंगण, पेरूखाली. दर शनिवारी, चार वाजता. माणसं : साहू, तिवारी साहेब, वहिनी, गजभिये साहेब. तिवारी साहेबांनी केबिनमधून ओरडून विचारलं, "बोंद्रे मैडम, मैं रिक्वायर्ड हूँ न?" मी म्हटलं, "एकदम रिक्वायर्ड, सर." त्यांचा होकार आला. साहूचा आला, पहिल्या फटक्यात, चक्क सरळ होकार. वहिनींचा तर त्या दोघांच्याही आधी आला होता.

साहेबांचं उत्तर दुपारी आलं.

टेंटेटिव.

साहूने ते तीनदा वाचलं. "मैडम, ये साहब का ही आईडी है न?" मलाही काही कळेना. आठवडाभर आम्ही त्यावरच बोलत होतो. फोन करावा का, असं मनात आलं, पण हिंमत झाली नाही. नको असेल तर? आपण उगाच त्यांच्या घरात घुसतोय का? शेवटी तिवारी साहेब म्हणाले, "मेरा तो एक्सेप्ट हो गया है. अब मैं पीछे नहीं हट सकता." त्यांनी गाडी काढली आणि शनिवारी आम्ही तिघं रुआबांध्याला पोचलो.

गजभिये साहेब फाटकाशी उभे होते. इस्त्रीचा शर्ट, हात मागे बांधलेले, जसे साहूच्या टेबलापाशी उभे राहायचे अगदी तसे. आम्ही गाडीतून उतरलो. त्यांनी आमच्याकडे एकेक करून पाहिलं, तिवारी साहेब, साहू, मी. नमस्कार नाही, या नाही, बसा नाही. खिशातून मोबाइल काढला, चष्मा नाकावर चढवला, आणि आमच्या देखत अंगठ्याने हळूच बटन दाबलं. माझ्या पर्समध्ये फोन वाजला. गजभिये यांनी निमंत्रण स्वीकारलं आहे.

"साहेब, तुम्ही आणि टेंटेटिव?" मी म्हटलं.

"तुम्ही खरंच येऊन राहिले का नाही, ते पाहाले थांबलो होतो बाई," ते म्हणाले. मग एकदम डिस्पॅचवाला जागा झाला आणि त्यांनी मोबाइल पुन्हा डोळ्यांजवळ नेला. "पन चूक हाय यात. शेवटची तारीख टाकाची राहून गेली तुमच्यानं."

"राहून नाही गेली," मी म्हटलं. "टाकलीच नाही."

मला वाटलं आता नियम सांगतील, भुताचं सांगतील. त्यांनी मोबाइल खिशात टाकला, फाटक पूर्ण उघडलं आणि आत तोंड करून हाक मारली.

"चाय टाक वं. सगळे आले."